बारावी काच

'धार-देवास छायाचित्र मंडळ' हे नाव ऐकून कोणालाही वाटेल, केवढी मोठी संस्था! सभासद म्हणाल तर मोजून तीन. दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले तात्यासाहेब अध्यक्ष, देवासच्या शाळेतले मोरोपंत मास्तर सभासद, आणि धारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे श्रीपादराव चिटणीस. चिटणीस म्हणजे काय, तर सगळी कामं त्यांनी करायची आणि तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवायचा.

१९०७च्या फाल्गुनात मंडळानं ठरवलं की धारपासून दोन कोसांवरच्या तलावावर जाऊन सारसांच्या जोडीचं छायाचित्र काढायचं. श्रीपादरावांची जायची इच्छा नव्हती. महिन्यापूर्वीच त्यांची सात वर्षांची मालन तापानं गेली होती. एकुलती एक. पण तात्यासाहेब घरी येऊन म्हणाले, "चला हो, तेवढंच मन रमेल." मन रमेल म्हणे! अशा वेळी माणसं तोंडाला येईल ते बोलतात आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवायची.

त्या काळी छायाचित्र काचेवर निघायचं. काचेला उजेड लागला की ती वाया, म्हणून काळोख्या खोलीत नुसतं चाचपून काचा लाकडी डब्यांत भरायच्या, एका डबीत दोन. कोरी काच आणि छायाचित्र काढलेली काच दिसायला सारखीच. औषधात धुतली म्हणजे त्यावर काय ते उमटायचं.

मालनची अशी एकच काच होती. संक्रांतीला काळा परकर नेसून, मांडीवर ठकी बाहुली घेऊन ती अंगणात चौरंगावर बसली होती. "हलू नकोस हं," म्हटल्यावर पोरीनं श्वाससुद्धा धरून ठेवला. ती काच श्रीपादरावांनी वेगळ्या खोक्यात ठेवली, तेव्हा तिनंच आपल्या वेणीची लाल फीत सोडून खोक्याला बांधली. "आता अंधारात हाताला लागेल, बाबा." पुढं पंधरा दिवसांत तिला ताप भरला.

ती गेल्यावर तिची आई दुर्गाबाई रोज विचारायच्या, "अहो, काच धुतलीत का?" श्रीपादराव म्हणायचे, "उद्या." दुसऱ्या दिवशीही उद्याच. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. काचेला न बाधणाऱ्या तांबड्या कंदिलाच्या उजेडात ती हळूहळू वर येणार, आणि आपण तिथं एकटे. हात थरथरला, औषध जास्त झालं, काच बिघडली, तर? असं करत करत महिना गेला.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी कोठीच्या दाराखिडकीला गोधड्या लावल्या आणि बारा काचा सहा डब्यांत भरल्या. अकरा काचा झाल्यावर हातातलं खोकं संपलं. त्यांनी फळीवर हात फिरवला. फीत नसलेलं एक खोकं हाताला लागलं, त्यातली काच घेतली, काम संपलं.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा दमणी तलावाच्या पाळीवर पोचली. तात्यासाहेब आपल्या दोन डब्या घेऊन लव्हाळ्याकडे गेले, मोरोपंत वडाच्या झाडाकडे. श्रीपादराव मात्र तासभर गाडीतच बसून राहिले. शेवटी गाडीवान संताजी म्हणाला, "अरे भिया, आए हो तो फोटू खींच लो," तेव्हा कुठं ते उठले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या तिपाईवरचं फडकं सोडलं.

तिपाईच्या पायाला लाल फीत बांधलेली होती.

दुर्गाबाईंनीच बांधली असणार, त्यांना लगेच समजलं. मालनला सारस बघायला यायचं होतं, किती दिवस टुमणं लावलं होतं तिनं. ती नाही तर तिची फीत तरी जावी. आणि दुसऱ्याच क्षणी काळजात चर्र झालं. ही फीत तर खोक्याला होती! मग काल जे खोकं हाताला लागलं ते कुठलं? त्यात काच एकच होती. एकच!

मालनची काच सहा डब्यांतल्या एका डबीत होती. डब्या सगळ्या सारख्या, वरून काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. कोणी त्याच काचेवर दुसरं छायाचित्र काढलं की मालन गेली, दुसऱ्यांदा.

आपल्या दोन डब्या उराशी धरून ते मोरोपंतांकडे पळाले. "मास्तर, डब्या परत द्या! काचा खराब निघाल्या." मोरोपंत साधा माणूस. त्यांनी काही न विचारता डब्या दिल्या. "एकच काढलंय हो, या वडाचं," म्हणाले.

राहिले तात्यासाहेब. ते गुडघाभर चिखलात कॅमेरा लावून उभे होते आणि पुढं पन्नास पावलांवर सारसांची जोडी पाण्यात ऐटीत चालत होती.

"तात्यासाहेब, थांबा! काचा खराब आहेत, मी उद्या दुसऱ्या देतो."

"हळू बोला!" तात्यासाहेब दबक्या आवाजात खेकसले. "दोन काढून झाल्या, ही तिसरी. तीन वर्षं मी या जोडीच्या मागावर आहे आणि तुम्हाला आज खराब काचा आठवल्या?"

"नका काढू. पाया पडतो तुमच्या."

"का? कारण सांगा."

कारण! मालनचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. महिनाभर श्रीपादरावांनी चारचौघांत तिचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं की रडू फुटेल, आणि तात्यासाहेबांसारख्या माणसापुढं रडायचं कसं, ही लाज. अरे, कसली डोंबलाची लाज! पण लाजच ती, वेळ बघून थोडीच येते? श्रीपादराव नुसते म्हणाले, "कारण... काचा जुन्या आहेत."

"जुन्या तर जुन्या," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी भिंगावरचं टोपण काढलं. "एक... दोन..."

"तात्यासाहेब, माझी मालन आहे त्यात!"

किंकाळीच ती. सारस पंख पसरून उडाले. तात्यासाहेबांनी टोपण लावलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चिखलात बसून श्रीपादरावांनी सगळं सांगितलं, हुंदके देत, लहान मुलासारखं. तात्यासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, आधी बोलायचं नाही का?" ते म्हणाले. "एवढा का मी राक्षस आहे? अहो, आधी का नाही बोललात?"

परतीच्या वाटेवर श्रीपादराव मनातल्या मनात हिशेब करत होते. बारातल्या चार काचांवर आज उजेड पडला. आठांवर नाही. त्या आठांत मालन असेल. का नसेल? असायलाच हवी. अंबाबाई, असू दे गं.

दुपारी कोठीला पुन्हा गोधड्या लागल्या. तात्यासाहेब आणि मोरोपंत ओसरीवर बसले. दुर्गाबाईंना एवढंच कळलं की आज मालनची काच धुतली जाणार. त्या दाराशी उभ्या राहिल्या. श्रीपादरावांनी आधी त्या आठ काचा घेतल्या. पहिली औषधात टाकली. कोरी. दुसरी कोरी. तिसरी, चौथी. प्रत्येक काच टाकताना ते पुटपुटायचे, "ये बाळा, ये." पाचवी कोरी. सहावी. सातव्या काचेला कोपऱ्यात डाग दिसला तेव्हा ते चटकन वाकले, पण तो त्यांच्याच अंगठ्याचा ठसा होता. आठवी कोरी.

"दिसली का हो?" बाहेरून दुर्गाबाईंनी विचारलं.

"थांब."

नववीवर वड आला. दहावीवर आणि अकरावीवर नुसती लव्हाळी. बारावी काच हातात घेऊन श्रीपादराव किती वेळ उभे होते कोण जाणे. महिनाभर जिची भीती वाटली तीच ही. टाकली. खालच्या बाजूला आधी दोन लहान पावलं वर आली.

रात्रभर काच वाळली. सकाळी अंगणात, जिथं मालन चौरंगावर बसली होती तिथंच, श्रीपादरावांनी काचेखाली छापाचा कागद घालून चौकट उन्हात ठेवली. दुर्गाबाई शेजारी येऊन बसल्या. कागद तपकिरी होत गेला. पावलं आली, परकराचे काठ आले, ठकी आली, ठकीवर घट्ट धरलेले दोन हात आले. काळ्या परकरातून दोन सारस चालले होते. आणि त्याच्या वर, जिथं मालनचा चेहरा असायचा, तिथं तलावावरचं आभाळ होतं. पांढरंशुभ्र.

दुर्गाबाईंनी कागद जवळ धरून पाहिला. लांब धरून पाहिला.

"तोंड कुठंय हिचं?"

श्रीपादरावांनी सांगितलं. कोरी समजून तीच काच डबीत भरली, तिच्यावर सारस निघाले. एवढंच सांगितलं.

दुर्गाबाईंनी पदराच्या गाठीतून ती लाल फीत काढली. काल तिपाईची सोडून घेतली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "कोठीतल्या एका खोक्याला ही बांधलेली होती. तिची म्हणून मी सोडून आणली. उशाशी घेऊन निजत होते. ती खुणेची तर नव्हती ना?"

श्रीपादरावांनी फितीकडे पाहिलं. मालननं मारलेल्या गाठीचा मुडपा अजून तिच्यावर होता.

"नाही गं," ते म्हणाले. "खेळताना बांधली असेल तिनं. महिनाभर मी काच धुतली नाही, म्हणून हे झालं. माझ्यामुळं झालं."

"शपथ?"

"तुझी शपथ," श्रीपादराव म्हणाले.

दुर्गाबाईंनी फीत पुन्हा पदराला बांधली आणि कागदावरच्या त्या दोन लहान पावलांवरून बोट फिरवत बसल्या.