उकडलेल्या अंड्याचा तुकडा

वडील गेले आणि त्यांचा कुत्रा माझ्या सासरी आला. नाव साहेब. आल्या दिवशीच साहेबांनी वन्संची एक कोंबडी तोंडात धरून अंगणभर मिरवली. कोंबडी वाचली नाही. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, ओरडल्या नाहीत. पिसं गोळा करता करता एवढंच म्हणाल्या, "अजून एक गेली, की हाही जाईल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." वन्सं बोलल्या म्हणजे बोलल्या.

वन्संच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरायच्या, म्हणजे शिकायचं होतं ते कुत्र्यानेच. मी दोरी कमरेला बांधून त्याला अंगणाच्या कडेला बसवायचे. कोंबडी दिसली आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, की एक तुकडा. रोज थोडं जवळ. कोंबडी फडफडली की तो थरथरायचा आणि ती थरथर दोरीतून माझ्या कमरेला कळायची. आता गेली, आता गेली! नवरा खिडकीतून विचारायचा, "शिकवणी कुणाची चाललीय? तूच जास्त कापतेस." त्याला काय जातंय बोलायला! वडिलांचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं, चार पायांचं.

पण साहेब शिकला. अगदी नाकासमोरून कोंबडी गेली तरी तो माझ्याकडे बघायला लागला. तुकडा कसला, तर उकडलेल्या अंड्याचा. घरात अंड्यांना काय तोटा! हुशारी माझी.

आज दुपारी भांडी घासून बाहेर आले, तर खांबाला नुसती दोरी आणि रिकामा पट्टा. खुराड्याचं दार उघडं.

कोंबड्या अंगणात होत्या, पण तांबडी आत होती. ती अंडी उबवत होती आणि वन्संचा सगळा जीव तिच्यात. आतून काही आवाज नाही. मी वाकून पाहिलं. साहेब तिच्यासमोर पोटावर पसरला होता, नाक तिच्या पंखाला लागलेलं. मिशांना पिवळं, बाजूला टरफलं. दुसऱ्या टोपलीतली अंडी फस्त झाली होती, आता तांबडीच्या खालची हवी होती. कोंबडीला तोंड लावायचं नाही, हे मी शिकवलं होतं. अंड्याची चटक पण मीच लावली होती.

मागे चपला वाजल्या. "काय गं, काय झालं?" वन्संनी विचारलं. मी नुसतं बोटाने आत दाखवलं. ओरडले असते तर तांबडी उडाली असती, आणि मग साहेबाला कोण आवरणार? वन्संही वाकल्या.

तांबडी फुगली आणि तिने त्याच्या नाकावर चोच मारली. साहेब कळवळला. त्याचा ओठ वर गेला, दात दिसले. संपलं, असं मला वाटलं. मी डोळे मिटणार, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तुकड्यासाठी.

हातात काहीच नव्हतं. मी रिकामी मूठ वळून पुढे केली. "ये, साहेब." तो मागे सरकत बाहेर आला आणि त्याने मुठीला नाक लावलं. मी बोटं उघडली. आत काही नाही. तरी तो तळहात चाटत राहिला, नाकावर रक्त असूनही. मी मटकन खाली बसले आणि त्याला धरून रडले.

वन्सं खुराड्याची कडी लावत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. "कधी न्यायचा याला?" मीच विचारलं.

"कुठे न्यायचा? आधी त्याचं नाक पूस." कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली. "आणि उद्यापासून त्याला बिस्किट दे."