मावळतीला उशीर करणारं विमान

सोमवारी सकाळी सव्वाअकराला रुचिताला एका पायलटचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदाच.

“मी कॅप्टन सुशांत राजाध्यक्ष,” पलीकडचा आवाज शांत होता. “मागच्या महिन्याचा रिपोर्ट तुम्हीच केलाय ना? त्यात मी आळशी ठरलोय.”

“सर, आळशी असं नाही लिहिलेलं...”

“उत्तराला लागणारा वेळ मर्यादेबाहेर, असं लिहिलंय. ऑफिसने माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. तोवर मला उड्डाणावरून उतरवलंय. मॅडम, मेसेज आला की कॉकपिटमध्ये टिंग वाजतं. मी तो वाचतो, शेजारच्याला वाचून दाखवतो आणि बटण दाबतो. वीस सेकंद, फार तर तीस. तुम्ही अडीच मिनिटं लिहिलीत. उरलेली दोन मिनिटं मी नक्की काय करत होतो, ते मला जाणून घ्यायचंय.”

“मी पुन्हा चेक करते सर,” एवढं बोलून रुचिताने फोन ठेवला आणि समोरचा चहा बाजूला सारून कॉम्प्युटर पुढे ओढला.

रुचिता डोंबिवलीची. वय सत्तावीस, स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका बेअरिंगच्या गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. माणसं मोजून नऊ. काम असं, की ते नातेवाइकांना सांगायला गेलं की समोरचा “म्हणजे एअरपोर्टवर आहेस ना?” एवढं विचारून विषय बदलायचा.

खरं तर काम समजायला सोपं होतं. अरबी समुद्रावर विमान लांब गेलं की जमिनीवरच्या रडारला ते दिसत नाही. मग ते स्वतःच ठरावीक वेळाने उपग्रहामार्फत कळवतं, मी इथे आहे. नियंत्रण कक्षातून सूचनाही तशाच लेखी जातात: उंची बदला, मार्ग बदला. पायलट त्याला उत्तर देतो. या सगळ्याला किती वेळ लागावा याचे नियम आहेत. शंभरातली पंचाण्णव उत्तरं तीन मिनिटांच्या आत यायला हवीत, त्यातला पायलटचा वाटा एका मिनिटाचा; जागेची खबर दीड मिनिटात. जे विमान हे पाळतं, त्याला दुसऱ्या विमानाच्या जरा जवळून उडायची मुभा मिळते. जे पाळत नाही, त्याने लांब राहायचं, आडवाटेने जायचं. कोण पाळतंय आणि कोण नाही, हे एका विमान कंपनीसाठी दर महिन्याला मोजायचं, हे रुचिताचं काम.

तिने हिशेब उघडला. सूचना निघाल्याची वेळ आणि विमानात बटण दाबल्याची वेळ, या दोन्ही तिच्याकडे होत्या. सूचना विमानापर्यंत पोचायला लागणारा वेळ मात्र नव्हता. उपग्रहाला साधारण तेवढेच लागतात म्हणून तिने सरसकट दहा सेकंद वजा केलेले. बाकीचं सगळं पायलटच्या नावावर.

“कृतिका,” तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली. “समज, मी तुला पत्र पाठवलं. पोस्टमनने ते चार दिवस लोळवलं. तू मिळाल्या मिळाल्या उत्तर लिहिलंस. तर उशीर कोणी केला?”

“पोस्टमनने. का?”

“मी तुला पकडलंय.”

कृतिकाने खुर्ची सरकवून स्क्रीनमध्ये डोकं घातलं. दोघींनी दुपारपर्यंत उशिराच्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि पायलटच्या नावाऐवजी विमानाप्रमाणे लावल्या. लांबच्या मार्गावर कंपनीची अकरा विमानं होती. त्यातलं एकच सगळा उशीर करत होतं, आठ नंबरचं. योगायोगाने त्या महिन्यात ते सगळ्यात जास्त वेळा सुशांत राजाध्यक्षांच्या वाट्याला आलं होतं. बाकीचे पायलटसुद्धा त्या विमानात बसले की तेवढेच आळशी होत होते.

रुचिता तशीच उठून मुकुलच्या केबिनमध्ये गेली. मुकुल म्हणजे तिचा बॉस. माणूस वाईट नव्हता, फक्त सारखा घाबरलेला असायचा.

“रिपोर्ट गेलाय गं,” तो म्हणाला. “आता मागे घेतला तर आपलं नाक जाईल.”

“चुकीचा असेल तर नाक ऑलरेडी गेलंय सर. फक्त अजून कोणी बघितलं नाहीये.”

मुकुलने कपाळ चोळलं. “बरं. चूक आहे, मान्य. मग बरोबर काय आहे? शुक्रवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे. ‘विमान स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर ते म्हणतील, का स्लो आहे?”

ते रुचितालाही माहीत नव्हतं. तिने कंपनीच्या इंजिनियरिंग विभागाला विचारलं. उत्तर आलं, यंत्रणा चालू आहे, मेसेज जातात, येतात, काही बिघाड नाही. मंगळवार तिने नोंदी उलटसुलट करण्यात घालवला. मार्ग, वजन, उंची, कशाशी उशिराचा मेळ बसेना. शेवटी तासांप्रमाणे मांडल्यावर काहीतरी दिसलं. त्या विमानाच्या सगळ्याच मेसेजना जरा उशीर होता. पण जागतिक वेळेनुसार, म्हणजे ‘झेड’मध्ये, तेरा ते पंधराच्या मध्ये एक मोठा उंचवटा होता, आणि एक ते दोनच्या आसपास दुसरा.

“हे काय आहे?” कृतिका म्हणाली. “यांची चहाची सुट्टी?”

मग तीच एकदम थांबली. “माझ्या आजोबांना विचारूया?”

“ते मिठागरात होते ना?”

“पणजोबा मिठागरात. आजोबा एअरपोर्टवर. रेडिओ ऑपरेटर. पस्तीस वर्षं विमानांशी बोललेत ते. आता घरी कोणाशी बोलत नाहीत, पण ते वेगळं.”

बुधवारी दुपारी दोघी स्कूटरवरून कोलशेतला गेल्या. चारी बाजूंनी तीस-तीस मजली टॉवर आणि मध्ये कृतिकाचं बैठं घर, दारात शेवग्याचं झाड. तिची आजी सखुबाई ओट्यावर सुकट निवडत बसलेली. “भाकरी खाल्ल्याबिगर कामाचा बोलायचा नाय,” तिने आल्या आल्या बजावलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर ताक, एवढं पोटात गेल्यावरच आतून पंढरी आजोबा बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर, इस्त्रीचा शर्ट, पायजमा.

रुचिताने आलेख त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला.

“तेरा ते पंधरा झेड,” ते पुटपुटले. “म्हंजे आपले साडेसहा ते साडेआठ. आनि ह्यो दुसरा सकाली साडेसहाला.” त्यांनी वर बघितलं. “विमान कुठं जातं?”

“आफ्रिकेकडे, आजोबा. संध्याकाळी जातं, पहाटे परत येतं.”

“मंग सोपा हाय. दिवस बुडतो नि दिवस उगवतो.”

“म्हणजे?”

“पोरी, हा सॅटेलाइट नाय. सॅटेलाइटला सूर्य बुडाला काय नि उगवला काय, काय फरक? हा एचएफ हाय.” त्यांचा आवाज आता चढला. एचएफ म्हणजे लांब पल्ल्याचा जुना रेडिओ, हे रुचिताला पुस्तकातून माहीत होतं. आजोबांनी ते हातवारे करून सांगितलं. “लहर वर जाते, आभालाला थडकते नि समुद्रापार खाली येते. पन वरचा छप्पर दिवसाला येगला, रातीला येगला. मावळतीला तो हलतो. दुपारी जी फ्रिक्वेन्सी खणखणीत, ती मेलीच समज. खालची धरीपर्यंत कोन कोनाला ऐकत नाय. माझी अर्धी नोकरी त्या दोन तासांत गेली, नुसता हाका मारन्यात.”

“पण आजोबा, या विमानात सॅटेलाइट आहे. कागदावर तसंच आहे.”

“कागद उडतो काय? विमान उडतं. इचार त्यांना, मेसेज गेला कोन्या वाटेनं.”

सखुबाई ओट्यावरून ओरडली, “एवढा बोललास? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

रुचिताला हसू आलं. पण मेसेज कोणत्या वाटेने गेला हे तिने कधी विचारलंच नव्हतं. विमान कंपनी जी फाइल पाठवायची तिच्यात तो रकानाच नव्हता, आणि तो का नाही, असं तिला दोन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने विमान कंपनीच्या परवानगीने मेसेज वाहून नेणाऱ्या नेटवर्ककडे महिन्याभराच्या वाटांची नोंद मागितली. गुरुवारी दुपारी ती आली. आठ नंबरच्या विमानाचे समुद्रावरचे शंभरातले ब्याण्णव मेसेज एचएफवरून गेले होते. बाकी दहा विमानांचे जवळजवळ सगळे उपग्रहावरून.

तिने कृतिकाला मिठी मारली. कृतिकाने घरी फोन लावला. आजोबांनी सगळं ऐकून “मंग?” एवढंच विचारलं आणि फोन सखुबाईकडे दिला.

शुक्रवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये विमान कंपनीची सहा माणसं होती. मुकुल प्रस्तावना करणार, एवढ्यात रुचिताच बोलायला लागली.

“आधी माझी चूक सांगते. सूचना पोचायला दहा सेकंद लागतात असं मी धरलं. आठ नंबरच्या विमानाला कधी कधी सव्वादोन मिनिटं लागत होती. ती मी पायलटच्या नावावर टाकली. नवीन हिशेबाने कॅप्टन राजाध्यक्षांना उत्तर द्यायला सरासरी एकोणीस सेकंद लागतात. तुमच्या सगळ्या पायलटांमध्ये ते तिसरे आहेत.”

मग तिने वाटांची नोंद दाखवली. इंजिनियरिंगचे एक गृहस्थ खाकरले. “या विमानाचं मोठं मेंटेनन्स मागच्या महिन्याच्या आधी झालं होतं. सॅटेलाइट युनिट तेव्हा बदललेलं. बघतो आम्ही.”

त्यांनी बघितलं. नवीन युनिटमध्ये एक सेटिंग चुकलं होतं. त्यामुळे उपग्रह बहुतेक वेळा सापडत नव्हता आणि विमान मुकाट्याने एचएफकडे वळत होतं. मेसेज पोचत होते, म्हणून कोणी तक्रार केली नव्हती. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. ती होईपर्यंत आठ नंबरला दुसऱ्या विमानांपासून लांबच ठेवलं गेलं. सुशांत राजाध्यक्षांकडे मागितलेला खुलासा रद्द झाला आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा उडायला लागले. त्यांनी रुचिताला मेसेज पाठवला: ‘एकोणीस सेकंद. घरी बायकोला दाखवलं. ती म्हणते, मला उत्तर द्यायला दोन दिवस लागतात.’

मुकुलचं नाक शाबूत राहिलं. उलट कंपनीने वाटांच्या नोंदीचं कामही त्यांनाच दिलं. तेव्हा त्याने ठरवलं, की ऑफिसमधल्या सगळ्यांना एचएफ शिकवायला पंढरी आजोबांना बोलवायचं.

आजोबा शनिवारी सकाळी आले. काळी पँट, पॉलिश केलेले बूट. जिने चढताना बेअरिंगच्या गोडाऊनमधल्या माणसांना राम राम घालत आले. दोन तास फळ्यावर खडूने सूर्य, समुद्र आणि छप्पर काढत राहिले. रात्री खालची फ्रिक्वेन्सी, दिवसा वरची, हे नऊच्या नऊ माणसांकडून वदवून घेतलं. मग रुचिताने त्यांना आपल्या स्क्रीनसमोर बसवलं. नव्या कामाबरोबर मेसेज थेट दिसायला लागले होते; समुद्रावर विमानाचा एक ठिपका होता. नियंत्रण कक्षातून सूचना निघाली, तशी कोपऱ्यात सेकंद मोजले जाऊ लागले. एकविसाव्या सेकंदाला उत्तर आलं.

“झाला?” आजोबांनी विचारलं.

“झालं.”

“ते काय बोलले नाय?”

“बोलत नाहीत आजोबा. नुसतं लिहून पाठवतात.”

त्यांनी ठिपक्यावर बोट टेकवलं. “आमी बोलायचो,” ते म्हणाले. “एक पायलट होता, दर खेपेला माज्या पोराची परीक्षा कशी गेली ते इचारायचा. तोंड नाय बगितला कधी त्याचा.” मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “बरं, दुसरा मेसेज कवा जानार? थांबतो मी. घाई नाय मना.”