कॅसेटमधला कोजो

ग्लासातलं पाणी, त्यात उभी स्ट्रॉ, आणि तिच्या टोकाशी फुटणारे बुडबुडे – फुंकता फुंकता घशातून 'ऊ' काढायचा, एवढंच. पण तो 'ऊ' मध्येच तुटत होता आणि नुसती हवा उरत होती. समोर बसलेली इरावती लक्ष देऊन ऐकत होती. ती मूळची पुण्याची, रॉटरडॅममध्ये आवाजाचे उपचार करते. इथे सगळे कोजोला मिस्टर आम्पोन्सा म्हणतात, ती पास्टर म्हणते. त्याने ग्लास बाजूला सारला आणि कुजबुजत विचारलं – कुजबुजच राहिली होती आता – की गाणं कधी?

"बोलणं सुधारेल, पास्टर," ती म्हणाली. "गाता येईल असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही."

गळ्यातली गाठ काढावीच लागली होती, तिच्याबरोबर आवाजाची नस जाऊ शकते हे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीच बजावलं होतं. सगळं ठाऊक होतं. तरीही कुणी तोंडावर म्हणेपर्यंत...

मेट्रोत खिडकीपाशी बसल्यावर कुमासी डोळ्यांसमोर आलं, न बोलावता. घानातलं ते शहर, पत्र्याच्या छपराचं चर्च, आणि त्या छपराला कंप सुटेल असं गाणारा मुलगा. मग ती कॅसेट – 'दार लोटलेलं नाही' – न्हाव्याच्या दुकानात, मिनीबसमध्ये, बाजारात, जिथे यामचे कंद विकायला बसलेली आई गिऱ्हाइकाला सांगायची, हा गातोय ना, तो माझा. कार्यक्रमासाठी म्हणून तो हॉलंडला आला आणि राहिला. काचघरांत टोमॅटो तोडले, ऑफिसांच्या फरश्या पुसल्या, रविवारी गायला. ऐकायला येणारी माणसं हळूहळू त्याची मंडळी झाली आणि तो त्यांचा पास्टर. प्रवचन त्याला कधी धड जमलं नाही. दोन वाक्यं अडखळत बोलायचा आणि गायला लागायचा, मग बंदराजवळचं ते भाड्याचं गोदाम भरून जायचं, बायका रडायच्या, लोक म्हणायचे, देव आला. कोजोही तेच समजत होता.

आज त्याच गोदामात क्वाकूची शवपेटी होती. क्वाकू बंदरात क्रेन चालवायचा. त्याच्या बायकोने, अडवोआने, एकच मागणं केलं होतं – ते गाणं. कोजोची मुलगी अबेना साउंडचं बघते. तिने जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकावर वेगळा करून ठेवला होता, कीबोर्ड प्रत्यक्ष वाजणार होता. कोजोने तिला ट्वीमध्ये, घानातल्या आपल्या भाषेत, बजावलं होतं की आधी मी सांगेन, हे रेकॉर्डिंग आहे म्हणून. ती नेहमीसारखी डचमध्ये म्हणाली, बरं.

तो माईक घेऊन उभा राहिला. समोर दुखवट्याच्या काळ्या-लाल कपड्यांतली सगळी माणसं – यांनीच गेल्या महिन्यात त्याच्या गळ्याला तेल लावून प्रार्थना केली होती, आवाज परत येणार असं छातीठोक सांगितलं होतं. सांगायचं वाक्य जिभेवर होतं. कुजबूज गोळा करायला त्याला जरा वेळ लागला, तेवढ्यात अबेनाला वाटलं, तो तयार आहे, तिने कळ दाबली... आणि कोजो गायला लागला. तो दुसरा. कॅसेटमधला, पंचविशीतला.

आपण ओठ मिटून घ्यावेत असं त्याला वाटलं, नक्की वाटलं. पण श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा, हे ओठांना माहीत होतं. ते हलू लागले. मागे कुणीतरी हुंदका दिला. माणसं उठली, हात वर गेले, आणि त्याला कळलं की ही क्वाकूसाठी रडत नाहीत.

शेवटी अडवोआने त्याचे दोन्ही हात धरले. तिचा चेहरा ओला होता आणि कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"देवाने तुमचा आवाज परत दिला," ती म्हणाली. "माझ्या क्वाकूला निरोप द्यायला दिला."

सांगता आलं असतं. ती एवढी जवळ होती की कुजबूजही पुरली असती. त्याने होकारार्थी मान हलवली.

शवपेटी गेली, गाड्या गेल्या. तारा गुंडाळता गुंडाळता अबेना म्हणाली, "छान झालं, पप्पा. कुणाला कळलंसुद्धा नाही." तिला खरोखरच त्याला बरं वाटावं असं वाटत होतं, म्हणून तो हसला.

मग रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून त्याने डोळे मिटले. क्षमा मागायची होती. शब्द आवाजाशिवायही चालतात, हे तो आजवर कित्येकांना सांगत आला होता – मनातल्या मनात म्हणा, देव ऐकतो. त्याने मनातल्या मनात म्हटलं. थांबला. पुन्हा म्हटलं... काही नाही. रागावलेलंही कुणी नाही. मग तो जो आत यायचा, खोली भरून टाकायचा, तो त्या पंचविशीतल्या पोराच्या गळ्यापाशी यायचा का फक्त? की तो पोरगाच होता, आपल्याच आवाजाने भारावलेला, आणि मी इतकी वर्षं त्याला वेगळं नाव देत होतो?

आता भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं. तो भीतीची वाट पाहत बसून राहिला, पण तीही आली नाही.