एमाची चाल

ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरात राबणारा लिओनार्ड रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा. प्लेगच्या पहिल्या साथीत त्याची एकुलती एक पोर, एमा, गेली. अजून तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. काखेत गाठ आली आणि बघता बघता सगळं आटोपलं.

साथीमुळे दफनाला चर्चची घंटा वाजली नाही. शेजारी दारं लावून बसले. पाद्र्याने घाईघाईने प्रार्थना उरकली. पोर अशी मुकाट मातीत जावी, हे लिओनार्डला सोसेना. कबरीपाशी उभं राहून त्याने हाताला सुचेल ते वाजवलं. संथ चाल होती, एकाच सुरापाशी पुन्हा पुन्हा थबकणारी. त्याची बायको रोझा तोवर रडली नव्हती. त्या सुरांनी तिचा बांध फुटला.

मग रोज दिवेलागणीला ती म्हणायची, "वाजवा ना, एमाचं." त्याने वाजवलं की मगच ती दोन घास खायची.

साथ ओसरल्यावर कल्याणचा मॉरिस मास्तर वादक शोधत आला. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या नाचाला त्याचा बँड असायचा. लिओनार्डने बँडात यायला नकार दिला. पण मास्तरने "काहीतरी ऐकव तरी" म्हटल्यावर त्याच्या हातून तीच चाल निघाली. मास्तरने ती पुन्हा वाजवायला लावली. इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून लिओनार्ड सुखावला.

पावसाळ्यानंतर गावात लग्न निघालं आणि बँड मॉरिसचा आला. मांडवात कॉर्नेटचा पितळी कर्णा घुमला आणि लिओनार्डने चाल ओळखली. चाल तीच, पण दुप्पट वेगाने, ढोलाच्या ठेक्यावर. पोरीपोरं गिरक्या घेत होती. रोझा कानांवर हात ठेवून मांडवाबाहेर पळाली.

"मास्तर, ही माझ्या मेलेल्या पोरीची चाल आहे. नका वाजवू," लिओनार्ड म्हणाला.

मॉरिसचा चेहरा उतरला. "आधी सांगायचंस रे! आता भिवंडी, वसई, सगळीकडचे बँड हीच वाजवतात. मी थांबून ती थांबेल होय?"

ती थांबली नाहीच. कुणीतरी तिच्यावर नवरीच्या थट्टेचे शब्द बसवले. रस्त्याने पोरं ती शिट्टीवर वाजवत जायची. रोझाने लग्नांना जाणं सोडलं, मग बाजारही सोडला.

एका दुपारी ती म्हणाली, "वाजवा. हळू, तशीच."

त्याने डोळे मिटून गज फिरवला. सुरुवात जमली, पण पुढे हात धावू लागला. पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेच. पायसुद्धा ठेका धरत होता. रोझाने गज धरला.

"राहू द्या. तीही गेली."

त्याच आठवड्यात ती आईकडे वसईला निघून गेली. रिकाम्या घरात लिओनार्डला बसवेना. शेवटी तो मॉरिसच्या बँडात शिरला. प्रत्येक लग्नात लोक तीच चाल मागायचे आणि तो वाजवायचा.

एकदा तो रोझाला आणायला गेला. सासू दारातच उभी राहिली.

"ती नाही यायची. ते गाणं इथंही आलंय. कानात बोळे घालून बसते पोर."

आतून हालचाल ऐकू आली, पण रोझा बाहेर आली नाही. तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. संध्याकाळी कल्याणला लग्न होतं. ऊन कलल्यावर व्हायोलिनची पेटी उचलून तो स्टेशनाकडे निघाला.