अळणी रविवार

बदलापुरातल्या आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं. म्हणून भरपूर पाणी बघायला आम्ही थेट अंदमानला गेलो. कल्पना आमच्या ह्यांची. वांगणीला मित्राच्या फार्महाऊसवर हे दोनदा पोहले, तेव्हापासून समुद्राचं सगळं ह्यांना कळतं.

प्रवाळ बघायला जायचा दिवस नेमका रविवार. रविवारी माझा सूर्यनारायणाचा अळणी उपवास. दिवस मावळेपर्यंत मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. ह्यांना कावीळ झाली तेव्हा धरला, ह्यांच्याचसाठी. हे तेवढं विसरतात.

"अगं, अख्खा समुद्र खारट! तुझा देव काय साखर टाकणारे त्यात?" हे सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं म्हणाले.

धाकटी जाऊ कीर्ती खुदकन हसली. "वहिनी, तुम्ही बोटीतच बसा. आमच्या चपला सांभाळा."

केवढी काळजी माझी! पण प्रवाळ मलाही बघायचे होते. पाण्यात नळीने श्वास घ्यायला शिकवणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, "तोंडात पाणी येतं का रे?"

"आंटी, नली दाँत में पकड़ो. बोलना मत. एक बूँद नहीं आएगा."

न बोलण्याचा सराव मला लग्नापासूनचा. सूर्याला हात जोडले आणि उतरले.

खाली हळदीकुंकवाच्या रंगाचे मासे, फुलकोबीसारखे प्रवाळ. एवढी आरास कोणी मांडली, हे खाली कोणाला सांगता येत नव्हतं. म्हणून तर इतकं छान वाटत होतं.

पण ह्यांना राहवेना. मला मासा दाखवायला ह्यांनी तोंडातली नळी काढली आणि "ते बघ" म्हणाले. निदान म्हणायला गेले. मग वर जाऊन बराच वेळ खोकत होते.

दुपारी सिलेंडर बांधून मी त्या मुलासोबत आणखी खोल गेले. हे बोटीत बसले. चपला होत्याच सोबतीला.

वर आल्यावर आधी तोंड कोरडं पुसलं, मगच ओठ उघडले. ह्यांनी ग्लास पुढे केला. "लिंबू-पाणी. अर्धं तुला ठेवलंय."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला अर्धं ठेवलेलं हे पहिलंच काही. हात पुढे गेलाच होता.

"मीठ घातलंय?"

"चिमूटभर. समुद्रापुढे काहीच नाही."

मी ग्लास परत ह्यांच्या हातात दिला. "तुम्हीच संपवा. फक्त पिताना बोलू नका हं. पाणी भलतीकडे जातं."