पांढऱ्या रेघेच्या पुढे

डॉर्कस बोटीवर राहायला आली त्याला पाच महिने झाले होते. तिचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं, दुसरं काही मिळेना, आणि त्याच सुमाराला तिच्या धाकट्या भावाच्या, ॲल्विनच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. चोसष्ट वर्षांची बहीण आणि एकसष्ट वर्षांचा भाऊ. तिला छप्पर हवं होतं, त्याला हातपाय हवे होते. कोणी कोणावर उपकार केले नाहीत, असं दोघंही सगळ्यांना सांगत.

बोटीचं नाव ‘टिटवी’. सत्तावन्न फूट लांब, आणि रुंदी इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकत. ॲल्विन तिच्यावर बावीस वर्षं राहत होता. त्यातली चौदा वर्षं बायकोसोबत, बाकीची एकट्याने. कालव्यावर नवीन आलेला कुणीही आधी त्याच्याकडे पाठवला जायचा. बोट विकत घेताना तळ किती झिजलाय ते आधी बघ, रंगरंगोटीला भुलू नकोस. शेगडीतली राख लाकडी फळीवर ठेवू नकोस, गार दिसली तरी आत निखारा असतो. थंडीत खिडक्या बंद करून बसलास तर सकाळी गादीखालून पाणी निथळेल. पाण्याची टाकी अर्धी झाली की अर्धीच आहे असं समज, भरपूर आहे असं नको. बोट भिंतीवर आदळत असेल तर पाय मध्ये घालू नकोस, बोट पंधरा टनांची आहे आणि पाय तुझा आहे.

लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि त्याला केक आणून द्यायचे. डॉर्कसला मात्र हे दिवसभर ऐकावं लागे.

“किटली त्या बाजूला नको.”

“का?”

“बोट हलते.”

“पाच महिन्यांत एकदा तरी पडली का?”

“पडेल त्या दिवशी विचार मला.”

सुरुवातीला ती काही दिसलं की सांगायची. दोरी सैल झालीय, धूर काळा येतोय, पुढे झाड वाकलंय. दर वेळी एकच उत्तर यायचं: “मला दिसतं, डॉर्कस. बावीस वर्षं दिसतंय.” एकदा तर ग्लेनिससमोर म्हणाला. ग्लेनिस कोळशाची बोट घेऊन कालव्यावर फिरायची, सगळ्यांना कोळसा आणि गॅसच्या टाक्या पोचवायची. ती हसली आणि म्हणाली, “बाई, याला देवाने तोंड दिलं तेव्हा कान संपले होते.” डॉर्कसही हसली. पण त्यानंतर तिने सांगणं सोडून दिलं. तो सांगेल तेवढं करायचं, बाकी आपली विणकामाची सुई बरी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना हॅझलकोट गावाच्या खाली उतरायचं होतं. पहिल्या तारखेपासून लॉकचे दरवाजे दुरुस्तीसाठी बंद होणार होते, आणि वरच्या अंगाला अडकलं तर सगळा हिवाळा ना नळ, ना दुकान, ना डॉक्टर. ॲल्विनला आठवड्यातून दोनदा डॉक्टर लागत होता. त्यामुळे थांबून चालणार नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन स्वच्छ, वारा नाही. तीन लॉक उतरून झाले होते, हा चौथा. लॉक म्हणजे दगडी हौद, बोट जेमतेम मावेल इतकाच. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या दरवाजातल्या झडपा उचलायच्या, की पाणी खाली जातं आणि बोट पाण्याबरोबर उतरते. ॲल्विन मागे सुकाणूपाशी उभा, डॉर्कस काठावर झडपा उचलायचं लोखंडी हँडल घेऊन. उतरताना एकच गोष्ट सांभाळायची असते. मागच्या दरवाजाखाली पाण्यात दगडाचा रुंद उंबरा असतो. बोटीचं बूड, म्हणजे मागचं टोक, त्यावर राहिलं तर पाणी खाली जातं आणि बूड वरच राहतं. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. बोट रेघेच्या पुढे ठेवायची. ॲल्विनने हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्या सकाळीही तीन वेळा.

“दोन्ही झडपा उचल. सावकाश,” तो ओरडला.

तिने जवळची उचलली, दरवाजावरच्या फळीवरून पलीकडे गेली, दुसरी उचलली. खाली पाणी घुसळायला लागलं. तिने मागे वळून पाहिलं तर सुकाणूपाशी कोणी नव्हतं. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. आणि बोट हळूहळू, अगदी आळसावल्यासारखी, मागे सरकत होती. बोटीची हिरवी कड पांढऱ्या रेघेपाशी आली. मग रेघ बोटीआड गेली.

डॉर्कसने ते पाहिलं. नीट पाहिलं. तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण ती म्हणाली नाही. आत गेलाय म्हणजे काहीतरी ठरवूनच गेला असेल. त्याला माहीत असतं.

किती वेळ ती अशी उभी होती? दहा सेकंद असतील, फार तर पंधरा.

मग दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. बोटीचं तोंड खाली जाऊ लागलं आणि बूड जागेवरच राहिलं. छपरावरच्या कुंड्या एकामागून एक घसरल्या. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला आणि त्यावर ॲल्विनचा.

“झडपा! डॉर्कस, झडपा पाड!”

ती होती त्या बाजूची झडप तिने पाडली. फळीवरून अलीकडे धावली. हँडल लावलं, पण झडप अडवून धरणारा खटका उचलला जाईना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, हँडल निसटलं, दगडावर एकदा आपटलं आणि पाण्यात गेलं. एवढंसं बुडबुड झालं. एक झडप उघडीच राहिली.

पुलावर एक माणूस कुत्रं घेऊन उभा होता.

“काय करू?” तो वरून ओरडला. “मी काय करू सांगा!”

“हँडल आहे का तुमच्याकडे?”

“कसलं हँडल?”

दुसरं हँडल बोटीत होतं, सुकाणूजवळच्या खुंटीला. ती तिकडे पळाली. बोटीचं बूड काठाला लागूनच होतं, इतकं वर की पाय टाकला असता तर ती सहज चढली असती. तेवढ्यात ॲल्विन दिसला. आतली जमीन घसरगुंडीसारखी झाली होती आणि तो कोपरांवर सरपटत पायऱ्यांपर्यंत आला होता. त्याच्या पँटचा पट्टा सुटलेला होता.

“ये. हात दे.”

“पाय उचलत नाही.”

“उचल!”

“उचलत नाही गं. सांगतोय ना, उचलत नाही.”

ती गवतावर पालथी पडली. त्याच्या कोटाची कॉलर एका हाताने आणि बाही दुसऱ्या हाताने धरली. कुत्रेवाला धावत आला, त्यानेही धरलं. दोघांनी मिळून ॲल्विनला पोत्यासारखं ओढून काठावर घेतलं. तो कुशीवर वळला आणि म्हणाला, “मागच्या दरवाजाची झडप उघड, पाणी भर, म्हणजे सुटेल.” तिने खुंटीकडे पाहिलं. हात पुढे केला. त्याच क्षणी बोट उंबऱ्यावरून सुटली.

बूड धाडकन खाली आदळलं. पाण्याची भिंत पुढे गेली आणि परत आली. बोटीची पुढची दारं आत दबली आणि पाणी आत शिरलं. मग मात्र सगळं शांतपणे झालं. बोट कुठे फुटली नाही, मोडली नाही, फक्त भरत गेली. खिडक्यांतून पडदे तरंगताना दिसले. इंजिन दोन वेळा खोकलं आणि थांबलं. चार मिनिटांत हौदाच्या तळाशी ‘टिटवी’ बसली. वर राहिलं छप्पर, धुराडं आणि एक कुंडी, तीही आडवी.

तिघेही पाहत होते. करण्यासारखं काहीच नव्हतं. कुत्रं भुंकत होतं, त्याच्या मालकाने त्याला गप्प केलं, जणू प्रेतापाशी आहोत.

“माझ्या गोळ्या आत आहेत,” ॲल्विन म्हणाला.

दुपारी कालव्याच्या खात्याचा माणूस आला. टेरेन्स नाव. त्याने फोटो काढले आणि विचारलं, “सुकाणूवर कोण होतं?”

“मी,” ॲल्विन म्हणाला.

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ. अंदाज चुकला.”

टेरेन्सने लिहून घेतलं.  खरं तर बोट रेघेमागे सरकली तेव्हा ॲल्विन आत संडासला गेला होता. लघवी होण्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याला दर अर्ध्या तासाला जावं लागे आणि तो तिच्यासमोर कधी तसं म्हणत नसे. चहाचं बघून येतो म्हणायचा.

हॅझलकोटच्या प्रार्थनाघराच्या मागे एक खोली होती. तिथे त्यांची सोय झाली. घडीच्या दोन खाटा, उसने कपडे. आठव्या दिवशी पंप लावून बोट वर काढली. ती काढताना बघायला कालव्यावरची बरीच मंडळी जमली, आणि प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं.

“आधी जमिनीच्या फळ्या उचला, खाली तोलासाठी ठेवलेलं वजन काढा, नाहीतर तळ आतून सडेल.”

“इंजिनात ताबडतोब तेल भरायला हवं होतं. आठ दिवस म्हणजे फार झाले.”

“भिंतीमागचं अस्तर सगळं फाडा. ओलं राहिलं तर वास जन्मात जाणार नाही.”

ॲल्विन कुबडी टेकून उभा होता. यातलं एकही वाक्य त्याला नवीन नव्हतं. त्यातली निम्मी त्यानेच या लोकांना शिकवली होती. तो म्हणत होता, “हो. बरोबर. हो, बघतो.” त्याला वाकता येत नव्हतं. फळी उचलायची तर गुडघ्यावर बसायला हवं. डॉर्कसने दोन दिवस प्रयत्न केला. चिखलाने माखलेल्या गाद्या ओढल्या, फुगलेली कपाटं फोडली. तिसऱ्या दिवशी तिची पाठ धरली. ग्लेनिस आली, तिने आत एक फेरी मारली, बाहेर येऊन हात पुसले.

“खोटं बोलू का खरं?” तिने विचारलं.

“तुला खोटं बोलता येत नाही,” ॲल्विन म्हणाला.

“तरुण माणसाला दोन वर्षांचं काम आहे. तुम्हा दोघांचं नाही.”

त्या संध्याकाळी खोलीत दोघं सूप पीत बसली होती. डॉर्कसने चमचा खाली ठेवला.

“मी पाहिलं होतं.”

“काय?”

“बोट मागे जाताना. रेघ दिसेनाशी झाली तेव्हा मी तिकडेच बघत होते. ओरडले नाही. मला वाटलं, तुला माहीत असेल.”

ॲल्विन बराच वेळ पावाचा तुकडा सुपात बुडवत राहिला. तो विरघळून गेला तरी बुडवत राहिला.

“ओरडली असतीस तर मी आतून तुझ्यावरच खेकसलो असतो,” तो शेवटी म्हणाला. “पण उठलो असतो.”

 माफी मागावी तर ती कुठून सुरू करायची, हेच कळेना. तिने त्याचं सूप गरम करून आणलं. त्याने ते प्यायलं.

बोट एका जोडप्याने नेली, नुसता सांगाडा म्हणून. दुसऱ्या बोटीच्या मागे दोर लावून ओढत नेली. ॲल्विन बघायला गेला नाही. त्याला जवळच्या शहरात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली मिळाली. एकट्यासाठीच होती ती, बहिणीला नियमात जागा नव्हती. डॉर्कसला तिची मुलगी न्यायला तयार झाली. तिथे नातीच्या खोलीत पलंगाखालून ओढायची गादी होती.

निघायच्या दिवशी त्याने तिला बसपर्यंत सोडलं. बसला उशीर होता. थंडी पडली होती आणि ती गळपट्टा विसरली होती.

“गळपट्टा घालायला हवा होतास,” तो म्हणाला, आणि लगेच थांबला. “असो. तुला माहीत आहे.”

“सांग ना,” डॉर्कस म्हणाली. “सांग, मी ऐकतेय.”

पण त्याला काही आठवेना. बस आली. ड्रायव्हरने तिची पिशवी वर घेतली, दार मिटलं, आणि काचेतून तिला दिसलं की तो अजून तोंड किंचित उघडं ठेवून उभा आहे.