कस्तुरीची वार

डोहाळजेवण नावेतच व्हायला हवं, असा हट्ट विद्युल्लताबाईंचा. पुण्याच्या बहिणी हॉलमध्ये पुठ्ठ्याची होडी रंगवून सुनेला तीत बसवतात. इथे दारात खरी गंगा वाहतेय, मग आपण का मागे राहायचं? म्हणून सातवा संपत आलेल्या कस्तुरीला फुलांनी मढवून ब्रह्मा घाटावरून मोटारीच्या नावेत चढवलं. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. तिनं मनातल्या मनात त्याचा दोष सासूला दिला.

कस्तुरी विद्यापीठात संशोधन करायची. जन्मजात प्रतिकारशक्ती गरोदरपणात काय घोळ घालते, हा तिचा विषय. बाळंतीण झालेल्या बायकांकडे ती त्यांची बाळामागून पडलेली वार मागायची, तपासायला. घरी कुणी विचारलं तर नवरा मुकुल ‘रक्तातलं काहीतरी’ एवढंच सांगायचा.

ओटी भरून झाली, बायकांनी गाणं धरलं, आणि भरदुपारी कस्तुरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बोटातली अंगठी रुतून बसली होती. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, हे ती वॉर्डात प्रत्येकीला विचारायची. स्वतःला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

“मुकुल, नाव वळवायला सांग. माझं बीपी चढलंय.”

“अगं, पेढा की बर्फी ते व्हायचंय अजून,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “दृष्ट लागली असेल.”

“दृष्ट नाही आई, वार बिघडलीय. दवाखान्यात चला!”

सासरे ढुंढिराजशास्त्री ताडकन उठले. नाव एका अंगाला कलली, बायका किंचाळल्या. घाटाच्या पायऱ्या हिला चढवणार कोण? “भइया, राजघाट चलो! वहाँ गाड़ी मिल जाएगी!” ते ओरडले.

“पण असं झालं तरी का?” विद्युल्लताबाईंना राहवेना.

कस्तुरीनं डोळे मिटले. “पोर अर्धं मुकुलचं. म्हणजे माझ्या शरीराला अर्धं परकं. दारावरच्या पेशींनी त्याला आत घ्यायचं, रक्ताच्या वाटा रुंद करायच्या. त्या बिथरल्या की वाटा अरुंद राहतात आणि साऱ्या अंगात बोंब उठते. असं आम्हाला वाटतं. पक्कं कुणालाच माहीत नाही.”

“तीन वर्षं झाली लग्नाला,” विद्युल्लताबाई दुखावून म्हणाल्या, “आणि तुझ्या पेशींना माझा मुकुल अजून परका?”

दवाखान्यात बीपीचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी थेट ऑपरेशनच सांगितलं. झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं मॅग्नेशियमचं इंजेक्शन गेलं तशी अंगात भट्टी पेटली. आणि कस्तुरी घाबरली. पुढे काय काय होऊ शकतं, ते तिला फार चांगलं ठाऊक होतं. तिनं मुकुलचा हात घट्ट धरला.

“इरावतीला फोन कर. माझी वार लॅबमध्ये गेली पाहिजे. बर्फात, लगेच.”

“वार गंगेत सोडायची असते!” विद्युल्लताबाई कडाडल्या. “अहो, सांगा ना तिला, शास्त्र काय म्हणतं?”

ढुंढिराजशास्त्रींनी शेंडीवरून हात फिरवला. “शास्त्रात बर्फाच्या डब्याबद्दल काही नाही. मुकुल, तू इथून हलू नकोस. डबा मी नेतो.”

“तुम्ही? सोवळ्यातले?”

“सोयर लागणारच आहे. आता कसली शिवाशीव!”

मुलगी झाली. मूठभर. मांजरीच्या पिलासारखी रडली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

शास्त्रीबुवा ई-रिक्षातून निघाले. पुढची हकीकत इरावतीनं, लॅबमधल्या मैत्रिणीनं, नंतर सांगितली. चौकात सगळं ठप्प झालं होतं. कपाळी भस्म, मांडीवर जपून धरलेला डबा. लोकांना वाटलं, कुणाच्या तरी अस्थी चालल्यात. त्यांनी हात जोडून वाट करून दिली. शास्त्रीबुवांनी चकार शब्द काढला नाही. उलट चेहरा आणखी पाडला.

टाके दुखत असतानाही कस्तुरी खदखदून हसली, आणि मग बराच वेळ रडली. बीपी हळूहळू उतरलं. वारेत पांढऱ्या पेशींची नको तेवढी दाटी सापडली, असं इरावती म्हणाली. पण आधी कोण बिथरलं, पेशी की वार, ते त्यातून कळणारं नव्हतं.

महिन्याभरानं मुलगी घरी आली. एका दुपारी कस्तुरी तिला पाजत असताना विद्युल्लताबाई शेजारी येऊन बसल्या.

“मुकुलच्या आधी माझं एक गेलं,” त्या एकदम म्हणाल्या. “सहाव्यात. पाय टम्म सुजलेले, डोकं असंच फुटेस्तोवर दुखायचं. सासूबाई म्हणाल्या, तू ग्रहण पाहिलंस.”

“पाहिलं होतंत?”

“नुसती गच्चीवरचे पापड काढायला गेले होते गं.”

कस्तुरीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ग्रहणाचा काही संबंध नव्हता, आई. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.”

विद्युल्लताबाईंनी नातीचं दुपटं सारखं केलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, “मग इतकी वर्षं त्या थेरडीला श्राद्धाला खीर-वडे कशाला घातले मी?”